उणे चाळीसची तयारी, बोटांच्या हिशोबाने

उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच आकडा दाखवतात. त्यामुळे थंडी किती, यावर निदान वाद होत नाही. वाद होतो तो सामानावर. आम्ही स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून चालणारं इंजिनाचं वाहन, घेऊन निर्मनुष्य बर्फाळ रानात जाणार होतो, आणि ज्या जाणत्या वाटाड्यासोबत जायचं होतं त्यांचा प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न असायचा: ‘जाड हातमोजे न काढता हे जमेल का?’ अशा थंडीत उघडी बोटं एक-दोन मिनिटं धड चालतात. मग साधा बोल्टही पकडता येत नाही.

म्हणून सुरुवात चेनपासून झाली. कोट, पिशव्या, तंबू, जिथे जिथे चेन होती तिथे दोरीचा लांब फास बांधला. पाने-पकडींच्या दांड्यांना कापडी टेप गुंडाळली, कारण थंडगार लोखंडाला ओलसर कातडी चिकटते. मिटन, म्हणजे चारही बोटं एकत्र ठेवणारे जाड हातमोजे, दोरीने गळ्यात अडकवले. लहान मुलांसारखं दिसतं खरं, पण वाऱ्यात उडालेला मिटन परत मिळत नाही.

मशीनवर सगळ्यात जास्त वेळ गेला. इंजिनाची ताकद पुढे पोचवणारा ड्राइव्ह बेल्ट गारठला की ताठ होतो. त्यावर एकदम जोर दिला तर तुटतो. म्हणून सकाळी मशीनची मागची बाजू उचलून ट्रॅक, म्हणजे मशीनला पुढे ढकलणारा खालचा फिरता पट्टा, हवेतच सावकाश फिरू द्यायचा आणि मगच निघायचं, हे आम्ही घोटून घेतलं. रात्री स्की आणि ट्रॅकखाली फांद्या घालायच्या, नाहीतर दोन्ही बर्फाला घट्ट धरून बसतात. बॅटरी पूर्ण चार्ज हवी, कारण उतरलेल्या बॅटरीतलं पाणी लवकर गोठतं. तरीही हाताने ओढायच्या दोरीने इंजिन चालू होतं की नाही, हे तपासल्याशिवाय वाटाडे पुढे जाऊ देईनात.

मला खरं नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: एवढ्या थंडीत मशीन तापतं! पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाची उष्णता ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या पोकळीतल्या नळ्यांवर ट्रॅकने उडवलेला भुसभुशीत बर्फ शोषून घेतो. गोठलेल्या तळ्यावर किंवा टणक बर्फावर उडायला काहीच नसतं. ट्रॅक ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर घसरतो, त्यांनाही वंगण म्हणून बर्फच लागतो. त्यासाठी बर्फ खरवडून उडवणारे स्प्रिंगचे आकडे बसवले. पंख्याने थंड होणारं इंजिन असतं तर निम्मी कटकट वाचली असती, असं माझं मत.

पेट्रोलचा हिशोब सोपा: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. पण पेट्रोल उणे चाळीसलाही पातळच राहतं आणि तेवढंच थंड असतं. हातावर सांडलं तर उडून जाताना उरलीसुरली ऊबही नेतं, आणि कातडी तिथल्या तिथे गोठते. म्हणून लांब नळीचं नरसाळं आणि ते भरताना वापरायचे वेगळे रबरी हातमोजे. साधा गॅसचा स्टोव्ह बाद केला, कारण ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेल्यावर वायू व्हायलाच तयार नसतो. द्रव इंधनाचा, पंप मारायचा स्टोव्ह घेतला.

कपड्यांचं फार सांगत नाही. सुती काही नको, घाम येऊ द्यायचा नाही, बुटातले नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, अस्तर रोज काढून वाळवायचे. एवढं लक्षात ठेवा की उणे तीसला ताशी चाळीस किलोमीटर वेगाने गेलात, तर चेहऱ्याला ते उणे अठ्ठेचाळीससारखं लागतं.

मागची घसरगाडी दोरीने नव्हे, लोखंडी दांड्याने जोडली. दोरी असती तर उतारावर ती मागून येऊन आदळली असती. काडेपेटी, चाकू, उपग्रहामार्फत संदेश पाठवणारं यंत्र मात्र गाडीत नाही, अंगावर. मशीन बर्फातून खाली गेलं तर त्यावरचं सगळं जातं. गोठलेल्या तळ्यावर, भुसभुशीत बर्फाच्या थराखाली चढून आलेलं पाणी वरून दिसत नाही, आणि ते पातळ बर्फाइतकंच दगाबाज असतं.

शेवटी अंधारात, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात, मिटन घालून बेल्ट बदलायची रंगीत तालीम झाली. बेल्ट निघावा म्हणून क्लच फाकवायच्या हत्याराची मूठ मिटनमध्ये सापडेना. तिला नळीचा एक तुकडा ठोकून लांब केलं, वाटाड्यांनी स्वतः दोनदा फिरवून पाहिलं आणि हत्यार सीटखाली टाकलं.