काळ्या रंगाखालचे ब्रॅकेट

ती पिकअप माझ्याकडे आली ती केवळ एका शॅकलसाठी. मागच्या डाव्या पाट्याचे, म्हणजे गाडीचे वजन पेलणाऱ्या लवचीक पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याचे, मागचे टोक चासीशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणाऱ्या शॅकलला दोन पट्ट्या असतात. त्यांतली बाहेरची पट्टी मधोमध इतकी गंजली होती की नखाने खरवडले तरी ढलप्या निघत होत्या. मालक सत्तरीचे. गाडी पहिल्या दिवसापासून, म्हणजे १९ वर्षे, त्यांच्याच हातात होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक वर्षे तिने मिठाची पोती वाहिली होती. "मिस्त्री, एवढी पट्टी बदलून द्या, संध्याकाळी मला गाडी लागेल," असे ते म्हणाले आणि ती पट्टी पाहून मीही तसाच हिशेब केला. नवे शॅकल, नवी पिन, दोन बुश, म्हणजे पिनेभोवतीच्या रबरी अस्तराच्या नळ्या. गंजलेले नट धरले तरी तीन तासांच्या वर काम जाऊ नये.

त्या हिशेबाला पहिला धक्का गाडी आत घेतानाच बसला. चालवत मालक, म्हणजे काकाच होते आणि मी समोरून हाताने दिशा दाखवत होतो. चाके सरळ येत होती, पण स्टिअरिंग मात्र त्यांनी डावीकडे चांगले दोन बोटे वळवून धरलेले होते. विचारल्यावर म्हणाले, "तिची सवयच आहे ती. हात सोडला की उजवीकडे जाते." गाडीला सवय नसते, सवय चालवणाऱ्याला लागते, हे मी त्यांना बोललो नाही, टेप काढला आणि पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले. डावीकडचे अंतर उजवीकडच्यापेक्षा १८ मिलिमीटरने जास्त भरले. याचा अर्थ मागच्या ॲक्सलचे, म्हणजे मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याचे, डावे टोक तेवढे मागे सरकले होते. ॲक्सल असा तिरका बसला की मागची चाके गाडीचे बूड डावीकडे ढकलत राहतात, तोंड उजवीकडे वळू पाहते आणि चालवणारा ते स्टिअरिंगने डावीकडे ओढून धरतो. टायर लवकर झिजतात ते वेगळेच.

असे दिसले की कोणाही मिस्त्रीच्या डोक्यात पहिल्यांदा सेंटर बोल्ट येतो. सगळे पाटे एकत्र धरणारा हा बोल्ट, आणि त्याचे डोके ॲक्सलवरच्या बैठकीतल्या भोकात बसते. ॲक्सल पाट्यावर नेमका कुठे राहील ते त्यावर ठरते. पाटा ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले पडले की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि ॲक्सल पाट्यावरून घसरतो. मी मनात निदान पक्के केले, मागचा सेंटर बोल्टही कामात धरला आणि गाडी चढवायला घेतली.

चासीखाली दोन्ही बाजूंना स्टँड, पुढच्या चाकांना ठोकळे आणि ॲक्सलचे वजन वेगळ्या जॅकवर, अशी गाडी उभी केली. खाली शिरलो तर सगळे काळेभोर. काही वर्षांपूर्वी कोणीतरी चासीला खालून जाड डांबरी रंग मारून दिला होता, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे "गंज कायमचा बंद" असे सांगूनच मारला होता. स्वच्छ केलेल्या कोरड्या लोखंडावर असा रंग उत्तम काम करतो, हे मीही मानतो. पण मीठ मुरलेल्या गंजावर तो मारला तर आतला ओलावा आतच राहतो, बाहेरून नवा येतच राहतो, आणि पाहणाऱ्याला वर्षानुवर्षे फक्त गुळगुळीत काळा पृष्ठभाग दिसतो. ज्याने हे केले त्याच्याबद्दल त्या दिवशी मी बरेच काही बोललो; पण त्याच ओघात मला आठवले की दोन वर्षांपूर्वी ब्रेकच्या कामासाठी हीच गाडी माझ्याकडे आली होती आणि याच काळ्या रंगावरून टॉर्च फिरवून "चासी चांगली आहे" असे मीच म्हणालो होतो. टॉर्च फिरवली होती, हातोडी नव्हती मारली.

या वेळी मारली. चासीच्या लांबीभर वीतवीत अंतरावर छोट्या हातोडीने ठोकत गेलो. निरोगी पोलाद ठणठणीत वाजते, हातोडी उडते आणि मुठीला ते जाणवते. उजवी बाजू पूर्ण वाजली. डावीकडे ॲक्सलच्या मागे वाजली, ॲक्सलवर वाजली, आणि पाट्याचे पुढचे टोक ज्या ब्रॅकेटमध्ये बसते तिथे आल्यावर ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा आवाज आला. पुन्हा मारली, तोच आवाज. मोठा स्क्रू-ड्रायव्हर ब्रॅकेट आणि चासी यांच्या सांध्याशी टेकवून तळहाताने दाबला, हातोडीशिवाय, तर तो ४ सेंटिमीटर आत गेला आणि त्या भोकातून तपकिरी भुसा माझ्या चष्म्यावर पडला.

रंग खरवडून काढायला अर्धा तास लागला. ब्रॅकेट चासीला सहा रिव्हेटांनी जोडलेले होते आणि बाहेरून सहाही गोल डोकी स्पष्ट दिसत होती. चौथ्या डोक्याला छिन्नी लावली तर ते टरफलासारखे निघून आले: आत रिव्हेटचे डोके नव्हतेच, ते कधीच गंजून झडले होते आणि त्याच्यावरच्या रंगाने तेवढा आकार धरून ठेवला होता. पाचव्याचे तेच. उरलेल्या चारांपैकी दोन हाताने हलत होती. ब्रॅकेट आणि चासी यांच्यामध्ये गंजाचे पापुद्रे एकावर एक चढून बोटभर जाडीचा थर झाला होता. गंज मूळ लोखंडापेक्षा किमान दुप्पट जागा घेतो, त्यामुळे दोन पत्र्यांच्या फटीत तो एकदा सुरू झाला की पाचरीचे काम करतो, पत्रे फाकवतो आणि रिव्हेट ताणून त्यांची डोकी उडवतो. ब्रॅकेट चासीपासून सुटून मागच्या बाजूला कलले होते. १८ मिलिमीटरचा हिशेब तिथेच लागला. सेंटर बोल्ट नंतर काढून पाहिला तेव्हा तो अखंड निघाला, माझे निदान मात्र तुटले.

काकांना मी खाली वाकवले आणि स्क्रू-ड्रायव्हर त्यांच्याच हातात दिला. त्यांनी तो भोकात घातला, बाहेर काढला, परत घातला. "पण तुटायला आले होते ते तर मागे," एवढेच ते म्हणाले. मी त्यांना समजावले, "काका, मागचे शॅकल तुटले असते तर पाटा वर जाऊन चासीवर आपटला असता, मोठा आवाज झाला असता आणि तुम्ही गाडी बाजूला घेतली असती. पुढचे टोक वेगळे. गाडी पुढे ढकलायचा आणि ब्रेक मारल्यावर थांबवायचा जोर याच ब्रॅकेटमधून चासीला मिळतो. हे सुटले की ॲक्सलचे एक टोक मोकळे होते, मागची चाके आपोआप वळतात आणि स्टिअरिंगला विचारतही नाहीत." त्यांनी घड्याळ पाहिले आणि संध्याकाळी येणार असलेल्या कोणाला तरी फोन करून नाही म्हणून सांगितले.

आता प्रश्न चासीचा होता. ब्रॅकेट मिळते, पाटे मिळतात. पण ज्या चासीला ती जोडायची तीच खाल्ली गेली असेल तर मी काम घेतले नसते, आणि तसे त्यांना आधीच सांगितले. तारेचा ब्रश लावून उघडी केल्यावर उभ्या बाजूला खड्डे पडलेले दिसले, पण भोकांतून कॅलिपर घालून मोजल्यावर जाडी सगळीकडे ३ मिलिमीटरच्या वर भरली. शेजारच्या शाबूत भागात ती ४ होती. चासीच्या खालच्या आडव्या पाकळीला एका ठिकाणी अंगठा जाईल एवढे भोक होते, कारण आतल्या कोपऱ्यात मिठाळ चिखल वर्षानुवर्षे बसून होता. तिथला भाग निरोगी लोखंडापर्यंत कापून नवी पट्टी जोडता येण्यासारखी होती. काम घेतले, पण दोन्ही बाजूंचे पाटे, शॅकल, बुश, यू-बोल्ट बदलण्याच्या अटीवर. एकीकडे नवा ताठ पाटा आणि दुसरीकडे १९ वर्षांचा थकलेला असे बसवून गाडी तिरकी उभी करण्यात अर्थ नसतो.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो पुढच्या डोळ्याच्या, म्हणजे पाट्याच्या पुढच्या टोकाला वळवलेल्या गोल भोकाच्या, बोल्टने. नट लांब पाइप लावल्यावर सुटला, त्यामुळे माझ्या मदतनिसाला वाटले की झाले. पण बोल्ट फिरवला तर त्याच्याबरोबर बुशाची आतली लोखंडी नळीही फिरू लागली. रबर आत पिळले जाऊन परत उसळत होते आणि बोल्ट एक केसही बाहेर येत नव्हता. नळी आणि बोल्ट गंजून एकजीव झाले होते. शिवाय बोल्टचे डोके डिझेलच्या टाकीकडे होते आणि मध्ये जागा चार बोटांचीच, म्हणजे सुटला असता तरी टाकीला अडून तिथेच राहिला असता. "दादा, गॅस लावू का? पाच मिनिटांत कापतो," असे मदतनिसाने विचारले. मी त्याला गाडीखालून बाहेर बोलावले. एका बाजूला टाकी, वरून गेलेली ब्रेकची नळी, बोल्टभोवती पेट घेणारे रबर आणि फूटभर अंतरावर बंद शॉक ॲब्सॉर्बर, ज्याच्या आतले तेल तापले तर तो फुटू शकतो. एवढे सगळे असताना ज्याला पाच मिनिटे वाचवायची असतील त्याने ती दुसऱ्या गॅरेजात वाचवावीत.

टाकी उतरवली. तिचे पट्टेही गंजलेलेच होते आणि एक हातात तुटला, म्हणून यादीत त्याचीही भर पडली. मग ब्रॅकेटची भिंत आणि बुश यांच्या फटीतून करवतीचे पाते आत घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. त्या बोल्टचे पोलाद कडक, पाते तापले की दात जातात, म्हणून थोडे कापायचे, तेल सोडायचे, थांबायचे, परत कापायचे. दोन कापांना सात पाती आणि जवळजवळ दीड तास लागला. दुसरा काप पूर्ण होताना आतला ताण सुटून पाटा एकदम खाली झुकला, आणि जॅक ॲक्सलखाली नीट होता म्हणून बरे. कापलेला तुकडा नळीतून ठोकून काढल्यावर कळले की तो मधोमध मूळ जाडीच्या निम्माच उरला होता, दोन्ही टोकांना जाड आणि मध्ये कंबर असलेला.

उजवीकडचा असाच बोल्ट थोड्या तेलाने आणि घणाच्या चार ठोक्यांनी निघाला. मीठ भरताना गाडी नेहमी डावीकडूनच लावत, असे काकांनी मागाहून सांगितले.

पुढचे काम सरळ होते. रिव्हेटची उरलेली डोकी ग्राइंडरने घासली, मधे ड्रिल मारून पंचाने बाहेर काढली. टाकी बाहेरच होती. बॅटरीची वायर सोडून चासीची पट्टी वेल्ड केली. ब्रॅकेट आणि चासी यांचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग चकचकीत करून त्यांवर जस्ताचा प्रायमर दिला आणि रिव्हेटच्या जागी १०.९ या उच्च ताकदीच्या ग्रेडचे, भोकात घट्ट बसणारे बोल्ट घातले. जुन्या डाव्या जुडग्यातला मेन पाटा सेंटर बोल्टच्या भोकाजवळ केसाएवढा तडकलेला निघाला, म्हणजे तोही फार दिवसांचा सोबती नव्हता. यू-बोल्ट नवेच घातले, कारण एकदा ताणलेले यू-बोल्ट पुन्हा आवळले तरी पहिल्यासारखी पकड देत नाहीत, आणि ते समोरासमोर आलटून पालटून, टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पाहत आवळले. डोळ्यांचे आणि शॅकलचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन पाट्यांवर आल्यावरच शेवटचे आवळले. हवेत लटकत असताना आवळले तर रबर त्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी खाली येताच पिळून राहते. मग नवे बुश काही महिन्यांत फाटतात आणि दोष बुशाला मिळतो.

तीन तासांचे काम तिसऱ्या दिवशी दुपारी संपले. टेप लावला तेव्हा दोन्ही बाजूंतला फरक २ मिलिमीटर आला, आणि तेवढा मी नव्या गाडीतही सोडून देतो.

५०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट परत आवळून घ्या, असे मी बजावले होते. अनेकजण येत नाहीत, काका आले. आठही नट फार तर एक अष्टमांश फेरा फिरले, एकाही ठिकाणी त्याहून जास्त नाही. ब्रॅकेटवर हातोडी मारून पाहिली, ठणठणीत वाजले. गाडीबद्दल विचारले तर जराशा तक्रारीच्या सुरात म्हणाले, "आता ती डावीकडे जाते." मी शेजारी बसून त्यांना सरळ रस्त्यावर चालवायला लावली. त्यांचा हात अजूनही स्टिअरिंग दोन बोटे डावीकडे ओढत होता. "काका, हात सैल सोडा," म्हणालो. त्यांनी जरा बिचकत सोडला. गाडी सरळ गेली.