कोरडी शिळा

"मग आता हिच्यावर पाणी कोण घालतं?" आईने विचारलं.

न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये आम्ही मेटर्निख शिळेसमोर उभ्या होतो. इजिप्तची, इ.स.पू. ३६० ते ३४३ या काळातली. उंची एक मीटरही नाही. मधोमध उघडाबागडा बाळदेव होरस मगरींवर उभा, मुठीत साप नि विंचू. बाकी इंच न् इंच बारीक मजकूर, कडांवरसुद्धा. सगळे विष उतरवायचे मंत्र.

अशा शिळांवर पाणी ओतायचं आणि अक्षरांवरून ओघळलेलं ते पाणी रोग्याला पाजायचं, हे मीच तिला नुकतं सांगितलं होतं. वाचता येत नसेल तरी अडत नव्हतं. मंत्र पिता यायचा!

शिळेवर एक गोष्टही आहे. सात विंचू सोबत घेऊन इसिस देवी एका श्रीमंत बाईच्या दारात जाते. बाई दार लावून घेते. रागावलेला विंचू तिच्या मुलाला डसतो. पण विष उतरवते ती इसिसच.

"लेकराचा काय दोष," आई पुटपुटली. इसिसही नेमकं हेच म्हणते, हे तिला माहीत नव्हतं.

तिचा पहिला प्रश्न मात्र ट्रेनमध्येही डोक्यात होता. भिजण्यासाठी घडवलेला दगड आपण कोरडा ठेवतो, त्याला हात लावू देत नाही आणि 'कलाकृती' म्हणतो. ज्या पुजाऱ्याने तो कोरून घेतला, त्याला हा शब्द पटला असता का?