बेडकांची दुबार पेरणी

थंड देशांतले बेडूक बर्फ वितळलं की वसंतात तळ्याकडे निघतात. खान्देशात बेडूक वसंतात निघाला तर त्याचा पापड होईल. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या आसपास असतो, तेव्हा शहाणा बेडूक जमिनीच्या पोटात असतो. काळ्या जमिनीच्या भेगा आपल्याला तहानेची खूण वाटतात. त्याच्यासाठी तो तळघराचा जिना. भेग नसेल तिथे माती उकरणारा बेडूक मागच्या तळव्यांवरच्या कडक, फावड्यासारख्या गाठींनी माती सारत खाली जातो. तोही उलटा, बूड आधी.

मग 25 मेला रोहिणी लागते, 7 जूनच्या आसपास मृग, आणि एखाद्या रात्री ढग फुटतो. तासाभरात नाल्यात, बांधाच्या कडेला, रस्त्यालगतच्या खड्ड्यांत डराव डराव सुरू. ओरडतात ते नर. मादी ऐकते आणि निवडते. मोठ्या बेडकाचे नर अशा वेळी हळद लागल्यासारखे पिवळेधम्मक होतात, गळ्याजवळच्या दोन पिशव्या निळ्या. कुणीतरी फोटो टाकतो नि खाली 'विषारी आहे' असा शेरा येतो. विष नाही, लग्नाचा पोशाख आहे. हंगाम सरला की उतरतो.

खरी गंमत पुढे आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं, आणि दरवर्षी कुणीतरी वळवाच्या सरीला भुलून कपाशी टोचतो. बेडूकही भुलतो. डबक्यात अंडी पडली की एक-दोन दिवसांत फुटतात, पण शेपटीवाल्या पिल्लांना पाय फुटून बाहेर पडायला साधारण महिना-दीड महिना लागतो. आठ-दहा दिवसांची उघडीप पडली की डबकं आटतं आणि तळाशी काळी साय उरते. बेडकाची दुबार पेरणी! फरक एवढाच की त्याला बियाण्याचं कर्ज नसतं. अंडी हजारांत, आणि सगळे पहिल्या सरीला बाहेर पडतही नाहीत.

उघडीप आपल्या हातात नाही, शेततळं आहे. त्याचा प्लास्टिकचा कागद बेडकाला काचेसारखा. आत उडी सोपी, बाहेर येणं अशक्य. पोहून दमतात आणि बुडतात. उपाय स्वस्त आहे. काथ्याचा जाड दोर किंवा जुन्या शेडनेटची हातभर रुंद पट्टी चारही बाजूंनी सोडायची. वरचं टोक काठावरच्या खुंटीला, खालचं पाण्यात दोन-तीन फूट खोल, कारण पाणी उतरलं की दोर अधांतरी लोंबतो आणि सगळा खटाटोप फुकट. टोकाला दगड नको, कागद फाटेल. वाळू भरलेली पिशवी बांधा. नायलॉनचा दोर गुळगुळीत असतो, त्यावर पाय ठरत नाही.

रस्त्यावरचं काम रात्रीचं. पावसानंतर अंधार पडला की बेडूक रस्ता ओलांडतात, तेव्हा गाडी सावकाश घ्यावी. उचलायचा झाला तर हात पाण्याने ओले करून, कारण बेडूक कातडीतूनही श्वास घेतो. हाताला लागलेलं कीटकनाशक थेट आत जातं. ज्या दिशेने तोंड होतं त्याच बाजूला सोडावा. माघारी ठेवला तर तो पुन्हा रस्त्यावर येणार, हट्टी असतो. पाठीवर नर बसलेली मादी दिसली तर जोडी सोडवू नये. चामखिळीच्या कातडीचा भेक असेल तर नंतर हात साबणाने धुवावेत. त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत खरंच विष असतं. पिवळ्याला उगाच बदनाम करतात ते वेगळंच.

जुलै-ऑगस्टमध्ये भेकाची पिल्लं निघतात, जेमतेम सेंटिमीटरभर. ती ओरडत नाहीत, त्यामुळे डबक्याकडून शेताकडे निघालेली ही दुसरी मिरवणूक कुणाच्या लक्षात येत नाही. शेततळ्यातला दोर तेव्हाही तसाच राहू द्यावा. पोळ्याच्या आधी तर मुळीच काढू नये.