बॅच १४ : साका, चुन्याची निवळी आणि माझी घाई

बरणी फेकली, मंडळी. काढ्यासाठी वाळवलेली १८० ग्रॅम संत्र्याची साल. आणि चार दिवसांनी कळलं की तिला काही झालंच नव्हतं.

मागच्या नोंदीत म्हटलं होतं तसं, बॅच १४ संत्र्याची, आणि पहिल्यांदाच पांढरा थर न खरवडता वाळवलेली. त्यामागे विचार वगैरे काही नव्हता, खरवडायचा कंटाळा आला होता. ४५ अंशांवर, मोडल्यावर कट्‌कन आवाज येईपर्यंत. १० ग्रॅम साल, अर्धा लिटर पाणी, २० मिनिटं मंद आच. चव चक्क चांगली! उरलेला काढा बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला. सकाळी बघतो तर तळाशी पांढुरका साका. बाटली हलवली की तो धुरासारखा वर उठायचा आणि पुन्हा सावकाश खाली बसायचा.

बॅच ६ आठवते ना? जाड तुकडे, वरून कडक, आतून ओले, आणि आठवड्यात हिरवी बुरशी. तोच प्रकार समजून बरणी तडक कचऱ्यात. बाटली मात्र फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात विसरली गेली, हे नशीब.

पुढे एका रात्री डोक्यात ट्यूब पेटली. डबाबंद संत्र्याच्या फोडींचा पाक कधीकधी दुधाळ होतो. ती बुरशी नसते, हेस्पेरिडिनचे, म्हणजे संत्र्यातल्याच एका द्रव्याचे स्फटिक असतात. म्हणजे आपण सगळे ज्याच्यासाठी हा उद्योग करतो, तेच माझ्या बाटलीच्या तळाशी बसलं होतं की काय?

तपासायचं कसं? हेस्पेरिडिन पाण्यात जेमतेम विरघळतं, पण अल्कलीत, म्हणजे चुन्यासारख्या आम्लाच्या उलट गुणाच्या पाण्यात, विरघळतं. कारखान्यात सालीतून ते काढतात तेही चुना वापरूनच. मग चुन्याची निवळी केली. वरचा काढा ओतून टाकला, साका थंड पाण्याने दोनदा धुतला (काढ्यातलं पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारं द्रव्य, राहिलं तर चुन्याने त्याच्या गुठळ्या होतात आणि सगळा घोळ), आणि काचेच्या पेल्यात थेंब थेंब निवळी सोडत गेलो. गढूळपणा बघता बघता गेला, खाली स्वच्छ पिवळं पाणी! बुरशी अशी विरघळत नाही. मग आम्लात ते पुन्हा साकळतं का बघायला व्हिनेगर घातलं आणि झोपलो. सकाळी पेल्यात पुन्हा पांढरं. मी त्या पेल्याचे सात फोटो काढलेत, एकही धड आलेला नाही. (ते पाणी मोरीत ओतलं. कुणी पिऊ नका.)

आता खरी चिडचिड. बॅच ३ पासून मी पांढरा थर खरवडतोय, कारण बॅच २ पपनसाची होती आणि ती तोंडात धरवत नव्हती. तिथून ‘पांढरं म्हणजे कडू’ हे डोक्यात बसलं. पण पपनसाचा कडूपणा मुख्यतः नारिंजिनचा. हेस्पेरिडिन त्याचंच भावंड, पण बेचव. दोघांनाही ग्लुकोज आणि ऱ्हॅम्नोजची जोडी चिकटलेली असते, चवीतला फरक पडतो तो मुख्यतः त्या दोन शर्करा एकमेकींना कुठे जोडल्यात त्यावरून. एका जोडणीने जीभ आखडते, दुसरीने काहीच कळत नाही. लब्रतों या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२८ मध्ये हेस्पेरिडिन वेगळं केलं ते संत्र्याच्या सालीच्या पांढऱ्या भागातूनच. आणि मी तोच भाग चमच्याने खरवडून टाकत होतो!

मोसंबीची बॅच ११ तासाभराने कडू होत गेली होती, ते प्रकरण वेगळं. तिथे माझा संशय लिमोनिन या दुसऱ्या कडू द्रव्यावर आहे. त्याचं मूळ रूप कडू नसतं, आम्लात हळूहळू कडू होतं.

मग काढ्यातून पोटात जातं काय? क जीवनसत्त्व विसरा, वाळवण्यात आणि उकळण्यात बरंचसं गेलेलं असतं. वासाचं लिमोनिन... चुकलो, लिमोनीन, तेलातलं. (या दोन नावांनी वैताग आणलाय.) ते वाफेबरोबर उडतं, म्हणून झाकण ठेवायचं. राहिलं हेस्पेरिडिन. २०११ च्या एका फ्रेंच प्रयोगात वजन थोडं जास्त असलेल्या २४ पुरुषांना चार आठवडे रोज अर्धा लिटर संत्र्याचा रस किंवा २९२ मिलिग्रॅम हेस्पेरिडिन दिलं, तेव्हा खालचा रक्तदाब थोडा उतरला. रसातही तेवढंच हेस्पेरिडिन होतं. आपल्या निवळ कपात २९२ च्या आसपासही काही नसणार. साका टाकून वरचं गाळून प्यायलं तर आपण मुख्यतः सुगंधी गरम पाणी पितो. मला तेही आवडतं, पण औषध म्हणून पिणाऱ्यांनी ऐकून ठेवा.

म्हणून बॅच १५ साठी ठरवलं होतं की गाळायचं नाही, हलवून साक्यासकट प्यायचं. पण हे लिहिता लिहिताच वाटलं, मग उकळायचंच कशाला? सरळ पूड करावी आणि कपात ढवळून प्यावी. आतड्यातले जिवाणू पुढे हेस्पेरिडिन फोडतातच.

अडचण अशी की पूड म्हणजे अख्खी साल पोटात. वरचं मेण आणि इमॅझॅलिलसारखी बुरशीनाशकं सालीतच राहतात, धुऊन पूर्ण जात नाहीत. मागे ‘सेंद्रिय’ म्हणून मागवलेली साल आठवतेय? पाकिटावर ना जात ना तारीख, आणि तुकडे आरशासारखे चकाकणारे. त्या विक्रेत्याकडे परत जाणार नाही. न फवारलेली फळं मिळेपर्यंत पूड थांबली. ग्राइंडरही काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्याचाच हवा. माझ्या जुन्याचं प्लास्टिकचं झाकण सालीच्या तेलाने धुरकट झालंय.

ग्रेपफ्रूटच्या सालीबद्दल विचारणाऱ्यांना : रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. त्यातली फ्युरानोकुमारिनं नावाची द्रव्यं औषध फोडणारं एन्झाइम अडवतात आणि रक्तात गोळीचा डोस फुगतो.

बॅच १५ आज जाळीवर चढवली. संत्रं, पांढऱ्या थरासकट, चार मिलिमीटरच्या पट्ट्या. निम्मी काढ्यासाठी, निम्मी पुडीसाठी राखून ठेवणार होतो, पण फळं फवारलेली नाहीत याची खात्री नाही, तेव्हा सगळी काढ्यालाच जाणार. या वेळी बरणीवर चिठ्ठी लावलीये : ‘पांढरं दिसलं तर आधी निवळी.’