मरळ जिवंत होती

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. आमच्या कामात या वेळेचा फोन कधीच चांगला नसतो. पलीकडे मच्छीमार संस्थेचे सचिव होते. "मॅडम, मासोऱ्या उलट्या होऊन रायल्या जी. कोनी तरी जहर टाकलं. तुमी लवकर या." मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

पोळ्याला आठ दिवस होते. तीन दिवस आभाळ गच्च भरलेलं, पण ना पाऊस ना वारा, नुसता अंगाला चिकटणारा उकाडा. साकोलीहून तो तलाव पाऊण तासावर. वाटेत दोन्ही बाजूंना रोवणी झालेल्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं होती, युरियाचा हात मिळून काळपट हिरवी झालेली. तो रंग बघून मला तेव्हा काहीच सुचलं नाही.

भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे आले आणि 1950 च्या कायद्यानं मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झाले. कागदावर 'माजी मालगुजारी', बोलण्यात मामा तलाव. आमची संस्था अशा काही तलावांवर ढिवर लोकांच्या सहकारी संस्थांना मासेपालनाचा सल्ला देते. सल्ला देणारी मी.

तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सगळं गाव उभं होतं. खाली तीन-तीन किलोचे कटले पांढरी पोटं वर करून तरंगत होते. जे जिवंत होते ते तोंड पाण्याबाहेर काढून वरचा थर चोखत होते, हजारोंनी, आणि त्याचा एक बारीक चुटचुट आवाज येत होता. तो आवाज मला अजून आठवतो.

संशयित ठरून गेला होता. तलावाला लागून ज्याची बांधी, त्यानं आदल्या दुपारी धानावर दवाई मारली होती. त्यात संस्थेशी त्याचं पाण्यावरून जुनं भांडण. चार-पाच पोरं काठ्या घेऊन त्याच्या घराकडे निघाली होती. मी अर्धा तास मागितला. मला तसा काही अधिकार नव्हता, म्हणून आवाज चढवून मागितला.

तेवढ्यात काठाशी बसलेली एक बुढी बोलली, "जहर असतं तं मरळ काऊन नाही मेली? थे पाहा, जित्ती हाय." खरंच, चिखलाच्या कडेला हातभर लांब मरळ आरामात वर येऊन हवेचा घोट घेत होती. अर्धी तपासणी त्या बाईनं तिथंच करून टाकली होती. मरळीला कल्ल्यांखेरीज हवेतला श्वास घ्यायची सोय असते. रोहू, कटला, मिरगल यांना नसते. विषाला असा भेद कळत नाही. पुढं बघत गेले तसं चित्र स्पष्ट होत गेलं. मेलेले सगळे मोठे मासे, बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, मात्र काठाशी तग धरून. झिंगे पाण्याबाहेर काड्यांवर चढून बसलेले, पण जिवंत. काचेच्या बरणीत पाणी घेतलं तर पाणपिसवा, पाण्यातले अगदी बारीक जीव, टुणटुण उड्या मारत होत्या. कीटकनाशक उतरलं असतं तर सगळ्यात आधी झिंगे आणि पाणपिसवा संपल्या असत्या.

पण हे सांगून काठ्या खाली येत नाहीत. मी ऑक्सिजन तपासायच्या बाटल्या काढल्या. पद्धत जुनी आणि सोपी. बाटली काठोकाठ भरायची आणि दोन रसायनं सोडायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. माझ्या बाटलीत दुधासारखा पांढरा साका उतरला. मग त्याच पाण्यानं कॅन अर्धा भरला आणि एका काठीवाल्या पोराच्या हातात देऊन म्हटलं, हलव दोन मिनिटं जोरानं. बुडबुडे बसल्यावर ते पाणी दुसऱ्या बाटलीत भरलं, तीच दोन रसायनं टाकली. साका तपकिरी. दोन्ही बाटल्या हातोहात फिरल्या. पोरगा म्हणाला, "म्हंजे हवाच नाही पान्यात." त्यानं काठी तिथंच पाळीवर टेकवून ठेवली.

तीस अंशाच्या लिटरभर पाण्यात फार तर साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन सहज मावतो. लिटरभर हवेत पावणेतीनशेच्या आसपास असतो. मासा जगतो तो असा काटकसरीत. हिरवं शेवाळ दिवसा उन्हात ऑक्सिजन सोडतं, पण रात्री तेच शेवाळ, मासे, गाळातले जिवाणू सगळे तो वापरत बसतात. तीन दिवस ऊन नाही म्हणजे कमाई नाही. वारा नाही म्हणजे वरून भर नाही. खर्च मात्र रोजचा. चौथ्या पहाटे शिल्लक संपली.

"पण एवढं हिरवं आलं कुठून?" असं अध्यक्षांनी विचारलं आणि ते माझ्याकडेच बघत राहिले. मला कळलं. संस्थेच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता चिकटवला होता, दर पंधरवड्याला शेण किती, कोंबडीखत किती, सुपर फॉस्फेट किती. अक्षर माझं.

तो तक्ता मी मोठ्या अभिमानानं केला होता. रेमंड लिंडेमन नावाच्या अमेरिकन तरुणानं मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्यावर काही वर्षं काढून दाखवलं, की जीवांचं जग अन्नातून वाहणाऱ्या ऊर्जेच्या हिशेबात मांडता येतं. त्याचा निबंध 1942 मध्ये छापून आला. तो बघायला लिंडेमन नव्हता, सत्ताविसाव्या वर्षीच गेला. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर साधारण दहावा हिस्सा पोचतो हा शाळेतला नियम तिथूनच आला. मी गावात तो असा सांगायचे: शंभर किलो शेवाळ नि पाणकिड्यांवर दहा किलो कटला, आणि त्या दहा किलोवर एक किलो मरळ. म्हणून मरळ महाग. म्हणून कटला वाढवा, साखळी आखूड ठेवा, पाणी हिरवं करा. आकडे ढोबळ, पण चुकीचे नव्हते. चूक निम्म्या हिशेबाची होती. ऊर्जा दर पायरीला उष्णता होऊन निघून जाते, ती रोज सूर्याकडून नव्यानं घ्यावी लागते. फॉस्फरस कुठंही निघून जात नाही. शेवाळातून माशात, माशाच्या विष्ठेतून गाळात, आणि तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातल्या लोहानं धरून ठेवलेला पुन्हा पाण्यात. मी वरून ओतत राहिले, शेजारच्या बांध्यांतलं खत पावसाबरोबर उतरत राहिलं, आणि जाळ्यातून बाहेर निघत होता तो मूठभर.

त्या बुढीनं सांगितलं, तिच्या सासऱ्याच्या काळी उन्हाळ्यात तलाव आटला की बैलबंड्यांची रांग लागायची. गाळ काढायचा आणि बांध्यांत नेऊन टाकायचा, धान बिनखताचं यायचं. तिनं फॉस्फरस हा शब्द कधी ऐकला नसेल. चक्र तिच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या फिरवलं होतं. आता तिथं वीस वर्षं गाळाला कुणी हात लावला नव्हता. काठाला पूर्वी देवधान, म्हणजे रानटी भात होतं, कमळ होतं, ती झाडं शेवाळाच्या तोंडचं खाऊन घ्यायची. जाळी अडकतात म्हणून संस्थेनं गवत्या मासा सोडला, त्यानं दोन वर्षांत सगळं साफ केलं. उरली काठाची बेशरम, तिला कुणीच खात नाही.

मी हे सगळं अध्यक्षांना सांगितलं, तक्त्यासकट. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, तुमी सांगतलं ते आमी केलं ना जी." त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुपारपर्यंत मेलेले मासे काढणं हेच काम. पाण्यात कुजले असते तर उरलासुरला ऑक्सिजन खाऊन पुन्हा खतच झाले असते. डोंग्यातून काढून ट्रॉली भरली, पण गाडायचे कुठं? तेव्हा तो संशयित शेतकरी आला. सकाळपासून घराबाहेर पडला नव्हता. पाळीच्या खालच्या अंगाला त्याची आणखी एक बांधी होती, तिच्या धुऱ्यावर गाडा म्हणाला. कुणी त्याच्याशी बोललं नाही, पण ट्रॉली तिकडे वळली.

बारानंतर दोन तास ऊन पडलं. तीन वाजता मी पुन्हा बाटली भरली तर साका गडद तपकिरी. लोक खूश झाले, मी नाही. दुपारी ज्या पाण्यात एवढा ऑक्सिजन, त्यात शेवाळही तेवढंच; रात्री ते सगळं श्वास घेणार होतं.

रात्री दोनला पाळीवर डिझेल इंजिनं लावली. तलावाचं पाणी उचलून उंचावरून परत तलावातच पाडायचं. पोरं डोंगे घेऊन पाणी बडवत फिरत होती. संस्थेचं इंजिन एकच होतं. दुसरं त्या शेतकऱ्यानं बैलबंडीवर घालून आणलं. माफी कुणी मागितली नाही. चहा मात्र सगळ्यांच्या आधी त्याला दिला.

साडेचारला बॅटरीच्या उजेडात साका बघितला. फिकट, कोऱ्या चहासारखा, पण पांढरा नाही. चुटचुट आवाज काठाच्या एका कोपऱ्यातच होता. सहा वाजता तोही थांबला.

अध्यक्षांनी शेतकऱ्याला डिझेलचे किती द्यायचे ते विचारलं. इंजिन बंडीवर चढवता चढवता तो म्हणाला, "माह्या धुऱ्यावर ट्रॉलीभर मासोऱ्या गाडल्या ना तुमी. पुढच्या साली धान पाहाजा. पैसे नोको."