शूबर्टचं शेवटचं वर्ष

१९ नोव्हेंबर, रात्र

आज संगीतकार शूबर्टचा स्मृतिदिन. संध्याकाळपासून त्याचा बी-फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतला पियानो सोनाटा ऐकतेय, त्यातही पहिलाच भाग पुन्हा पुन्हा. सुरुवातीची ती शांत सुरावट स्थिरावते न स्थिरावते तोच डाव्या हाताला, पार खर्जात, एक कंप उमटतो. दूर कुठेतरी ढग गडगडावेत तसा. क्षणभर सगळं थांबतं आणि सुरावट पुन्हा सुरू होते. पण आता मन तिच्यात पूर्वीसारखं निर्धास्त रमत नाही.

हा सोनाटा १८२८ च्या सप्टेंबरातला. जोडीला आणखी दोन, सी मायनर आणि ए मेजर. दोन चेलोंचं ते अद्भुत स्ट्रिंग क्विंटेटही (पाच तंतुवाद्यांसाठीची रचना) त्याच सुमाराचं. आणि १९ नोव्हेंबरला व्हिएन्नात, भाऊ फर्डिनांडच्या घरी, शूबर्ट गेला. वय ३१. अंथरुणावरही तो 'विंटररायझे' या आपल्या गीतमालिकेच्या उत्तरार्धाची मुद्रितं तपासत होता. त्याच महिन्यात तो काउंटरपॉइंट, म्हणजे अनेक सुरावटी एकत्र गुंफण्याची कला, शिकायला झिमोन जेख्टर या शिक्षकाकडे गेला होता, हे आठवलं की मला भरून येतं. सहाशेहून अधिक गीतं रचून झालेला माणूस, आणि विद्यार्थी होऊन समोर बसतो!

त्याच्या थडग्यावर कवी ग्रिलपार्त्सरनं लिहिलं, की संगीतानं इथे मोलाचा ठेवा पुरला, पण त्याहूनही सुंदर अशा आशा पुरल्या. मला हे मान्य नाही. ग्रिलपार्त्सरला दोष देत नाही मी. त्याच्या कानांवर पडलं होतंच किती? केवळ शूबर्टच्या रचनांची अशी जाहीर मैफल त्याच्या हयातीत एकदाच झाली, २६ मार्च १८२८ ला. तीनच दिवसांनी व्हायोलिनवादक पागानिनीचा व्हिएन्नातला पहिला कार्यक्रम झाला आणि सगळं शहर त्याच्यामागे धावलं. क्विंटेट लोकांसमोर वाजलं १८५० मध्ये. १८२२ ची 'अपूर्ण' सिम्फनी तर १८६५ पर्यंत कुणी ऐकलीच नव्हती.

क्विंटेटचा अडाजिओ, म्हणजे संथ भाग, ऐकावा. मधले तीन वादक इतक्या संथपणे सूर धरून राहतात की काळ थबकल्यासारखा वाटतो. मग एकाएकी एफ मायनरमधलं वादळ, आणि परतल्यावर तीच सुरावट, पण खालच्या चेलोत आता अस्वस्थ हालचाल. हे रचणाऱ्याच्या बाबतीत पुढच्या आशांबद्दल का हळहळायचं? जे करायचं ते त्यानं इथे पूर्ण केलंय.

फर्डिनांडनं मात्र भावाची हस्तलिखितं सांभाळली. संगीतकार शूमान व्हिएन्नात आला तेव्हा त्याच कागदांत त्याला सी मेजरमधली मोठी सिम्फनी सापडली, आणि मार्च १८३९ मध्ये संगीतकार मेंडेल्सझोननं ती लाइपझिगला वाजवून घेतली. फर्डिनांड स्वतः शाळामास्तर आणि संगीतकारही होता. त्याच्याबद्दल सावकाश वाचायचंय. आज अजून ए मेजर सोनाटातला आंदांतिनो हा दुसरा भाग ऐकायचा राहिलाय.