माळावर एकटं पाडस दिसलं तर

सोलापूरहून बार्शी रस्त्यानं नान्नजला लोक जातात माळढोक बघायला, आणि दिसतात काळविटं. पण एखाद्या वेळी गवतात अगदी पायाशी पाडस निघतं. मान जमिनीला टेकलेली, कान मागे चिकटलेले, डोळे टक्क उघडे आणि अंग जराही हलत नाही. "आईनं टाकलं बिचाऱ्याला" म्हणून माणसं ते उचलतात, तिथंच घात होतो.

ते टाकलेलं नसतं. काळविटाची मादी बहुधा एकच पाडस देते. सुरुवातीचे दिवस ती त्याला गवतात दडवून लांब चरते आणि अधूनमधून येऊन पाजून जाते. ती शेजारीच उभी राहिली तर लांडग्याला जागा कळेल. पाडसाच्या अंगाला वास फार कमी असतो, त्यामुळे निपचित पडून राहणं हाच त्याचा बचाव.

म्हणून फोटोसाठी वाकू नका. आल्या वाटेनंच मागं फिरा, किमान शंभर-दीडशे मीटर. कळपातली एखादी बिनशिंगाची तांबूस मादी चरणं सोडून तुमच्याकडे एकटक बघत असेल, तर बहुधा तीच आई. तुम्ही तिथून हलल्याशिवाय ती जवळ येणार नाही. सोबत कुत्रं असेल तर आधी त्याला दोरी लावा. माळावर गावच्या कुत्र्यांचा धोका लांडग्यापेक्षा कमी नाही.

ज्वारी काढताना पाडस सापडलं तर भोवतीची चार-पाच हात ज्वारी दुसऱ्या दिवसापर्यंत उभी ठेवा. कुणी आधीच उचललं असेल तर लगेच त्याच जागी नेऊन ठेवा. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, ही समजूत चुकीची आहे. बहुतेक वेळा ती घेते.

जखम असेल, अंगावर माश्या घोंगावत असतील, आई मेलेली दिसली किंवा पाडस विहिरीत पडलं असेल, तरच मध्ये पडायचं. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर गाव, गट नंबर आणि जवळची खूण सांगा. माणसं येईपर्यंत पाडसाला सावली करा, डोळ्यांवर हलकं सुती फडकं टाका आणि गर्दी हटवा. पाय बांधू नका. गाईचं दूध अजिबात पाजू नका, त्यानं ढाळ लागतात. धरपकडीच्या भीतीनंही स्नायू निकामी होऊन काळवीट मरतं, कधी लगेच, कधी दोन दिवसांनी. आणि दया म्हणून घरी नेऊन पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.